गेंदाबाईच्या पायरीवर

असले गूढ अनुभव मी आवडीने वाचते, पण वाचून हसते. म्हणजे... हसत होते. आमच्या घरात साधी दृष्टसुद्धा कधी कुणाची काढली नाही. बाबा मिलमध्ये टाइमकीपर होते, आणि घड्याळात दिसत नाही ते नसतंच असा त्यांचा खाक्या. मी त्यांच्यावरच गेले. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच अवघडल्यासारखं होतंय. पण कुणाला तरी सांगून टाकायचंय, आणि घरात आता ऐकणारं कुणी उरलेलं नाही.

घर इंदूरला, परदेशीपुऱ्याच्या पलीकडे एका जुन्या कॉलनीत. प्लॉट लांबट आहे. पुढे रस्त्याला लागून आईची खोली, मग मधली खोली, मग स्वयंपाकघर आणि त्याला जाळीचं दार. दाराबाहेर अंगण – कपडे वाळत घालायची तार, जामफळाचं झाड, बाकी सगळं रिकामं. आईच्या खोलीला एकच खिडकी, तीही रस्त्याकडे. मागच्या अंगणात बोललेलं तिथे ऐकू येत नाही, आणि तिथलं मागे जात नाही. हे मी मुद्दाम नीट सांगतेय, कारण पुढे याच भिंतींवर मी पुष्कळ डोकं आपटलंय.

आईला पॅरालिसिस झाला. उजवी बाजू गेली आणि सोबत बोलणंही गेलं. जन्मभर शाळेत शिकवलेली बाई, वर्गात बोलली की बाहेर पोहेवाल्याला ऐकू जायचं, तिच्या तोंडून आता फक्त 'ता... ता...' एवढंच यायचं. तिला कळतं किती, हे डॉक्टरही सांगू शकले नाहीत. मी लग्न केलेलं नाही. बाबा आधीच गेलेले, भाऊ परदेशात, रविवारी व्हिडिओवर दिसतो. मी नोकरी सोडली आणि घरी बसले. बसले म्हणजे म्हणायचं... कूस बदलणं, पुसणं, भरवणं, चादरी धुणं. सकाळ कधी झाली आणि दुपार कधी, काही कळायचं नाही.

त्या दिवसांत एका संस्थेची मुलगी आली. निधी. फुटपाथवर राहणाऱ्या लोकांसाठी त्यांनी एक काम सुरू केलं होतं – रैनबसेऱ्यात, म्हणजे रात्रीच्या सरकारी निवाऱ्यात, गर्दीने कोंबण्यापेक्षा एकेकाला छोटंसं घर द्यायचं, आणि ते कुणाच्या तरी स्वतःच्या अंगणात ठेवायचं. जागा आपली, घर त्यांचं. एक खाट, पंखा, खिडकी, कोपऱ्यात बाथरूम. मी हो म्हटलं. पुण्य वगैरे काही डोक्यात नव्हतं. घरात दिवसभर दुसऱ्या माणसाचा आवाज नसायचा, एखादं भांडं पडलं तरी बरं वाटायचं, अशी माझी अवस्था होती.

घर तयार होऊनच टेम्पोतून आलं. टेम्पोवाला गल्लीच्या तोंडाशीच अडला, "भिया, ये तो अंदर घुसेगा नी." शेवटी माणसांनी उचलून बाजूच्या बोळातून आत नेलं आणि जामफळाखाली विटांच्या चौथऱ्यावर ठेवलं. दारापुढे सिमेंटची एक पायरी. दुसऱ्या दिवशी गेंदाबाई आली.

वय साठीच्या पुढचं, अंगाने काटकुळी, मानपुरकडच्या एका गावची. नवरा गेला, दिरांनी घराबाहेर काढलं, मग इंदूरला पुलाखाली राहायची. निधीने मला आधीच बजावलं होतं, "आंटी, इनसे घर का काम नहीं करवाना है. ये आपकी बाई नहीं हैं, पड़ोसी हैं." मी ते कसोशीने पाळलं. गेंदाबाई बोळातून ये-जा करायची. जाळीच्या दाराच्या आत तिने कधी पाऊल टाकलं नाही. आईला तिने पाहिलेलं नव्हतं. घरात आजारी म्हातारी आहे, एवढंच तिला ठाऊक होतं.

दुपारी ती पायरीवर बसायची. स्वयंपाकघरात भांडी घासताना मला तिचं बोलणं ऐकू यायचं. एकटं राहून राहून सवय झाली असेल, असं मी धरून चालले.

एक दिवस मी तारेवरच्या चादरी काढत होते. ती म्हणाली, "बेन, एक बात कहूँ? जीजी को बाईं करवट सुलाती हो ना, तो कान नीचे मुड़ जाता है. बहुत दुखता है उसको."

"कौन जीजी?"

"थारी माँ."

मी चादरी तशाच टाकून आत गेले. आई डाव्या कुशीवर होती. डोकं हळूच उचललं. कान खरंच पुढे दुमडला गेला होता, आणि त्याच्या मागे लालभडक चट्टा, कातडी सुटायला आलेली. मी रोज तिचं अंग पुसत होते आणि मला ते दिसलं नव्हतं. मलम लावलं, डोक्याखाली मऊ घडी ठेवली. आईने डोळे मिटून घेतले, मोठा श्वास सोडला.

परत मागे जाऊन विचारलं, "तुमको किसने बताया?"

"उसी ने. दुपहर में आती है ना यहाँ." तिने पायरीवर आपल्या शेजारी हात ठेवला. "बैठती है थोड़ी देर."

मी तिला समजावलं, की माझी आई उठू शकत नाही, बोलू शकत नाही. तिने मान हलवली. वाद घातला नाही. "हाँ, बताया उसने," म्हणाली.

अंदाज केला असेल, असं मी स्वतःला सांगितलं. अंथरुणाला खिळलेली माणसं तिनेही पाहिली असतील. पण मग कधी ती म्हणायची, दलियावरची साय काढून टाक, तिला मळमळतं. साय काढली, तर आईने सगळा दलिया खाल्ला. कधी म्हणायची, तुम नल खोल के रोती हो, जीजी कहती है पानी क्यों बिगाड़ती है. हे अगदी माझ्या आईचं बोलणं! रडू नको म्हणणार नाही, पाणी वाया घालवू नको म्हणेल. बाथरूममध्ये मी काय करते हे कुणाला ठाऊक नव्हतं... नळाचा आवाज बाहेर जात असेल, असं तेव्हाही मी मनाशी म्हटलंच.

आणि मग एकदा तिने विचारलं, "बेन, ये ढमे क्या होता है?"

माझ्या हातातली बादली खाली आली. लहानपणी मी गुटगुटीत होते, म्हणून आई मला ढमी म्हणायची. बाबा नाही, भाऊ नाही, फक्त आई. तेही दार लावून, एकटं असताना, कारण मोठी झाल्यावर मला त्याचा राग यायचा. ती आजारी पडल्यापासून तो शब्द घरात उच्चारला गेला नव्हता. आणि गेंदाबाईला मराठी येत नव्हतं.

तुम्हाला वाटेल मी घाबरले. भीती नंतर वाटली. आधी राग आला. दिवसरात्र मी तिचं करते. तिच्या त्या एका 'ता'चा अर्थ लावत बसते, पाणी हवं का, कूस हवी का, पंखा हवा का. आणि बोलायचं झालं तर ती जाऊन बसते या बाईजवळ? कालपर्यंत पुलाखाली होती तिच्याजवळ?

"मेरे पास क्यों नहीं आती?" मी जवळजवळ ओरडलेच.

गेंदाबाईने माझ्याकडे वर बघितलं. मग म्हणाली, "मेरे को क्या मालूम बेन. पूछूँगी."

डॉक्टरांना मी आडून आडून विचारलं. ते म्हणाले, वंदनाजी, तुम्ही फार थकलाय, मदतीला कुणी ठेवा. थकले होते हे खरंच होतं. त्यामुळे पुढचं जे पाहिलं त्यावरही मी पूर्ण भरवसा ठेवत नाही. पण पाहिलं ते असं.

दुपारी टाकी भरली का बघायला मी गच्चीवर गेले. सहज खाली वाकले. पायरीवर दोघीजणी बसल्या होत्या. गेंदाबाई हातवारे करून काही सांगत होती. तिच्या शेजारी एक भरल्या अंगाची बाई, फिक्कट निळं सुती पातळ, आणि वरून मला दिसत होता तो मानेवरचा पांढरा अंबाडा. आजारपणात आईचे केस आम्ही पार कापून टाकले होते. ती बाई हसली. तो आवाज मी कुठेही ओळखला असता. नाकातून सुरू होऊन मग मोकळा सुटायचा.

जिना मधल्या खोलीत उतरतो. मी पळत आधी आईकडे गेले. ती पलंगावरच होती, डोळे मिटलेले. हाक मारली, गालावर थोपटलं, खांदा हलवला. उठेना. श्वास चालू होता, पण फार संथ, जसा काही दुरून येतोय. तशीच मागे धावले. जाळीचं दार उघडलं तर गेंदाबाई एकटी.

"अभी उठी," ती म्हणाली. "तुम्हारे पैर बजे ना जीने पे."

परत आत आले तेव्हा आईचे डोळे उघडे होते. दाराकडेच बघत होती. डावा हात थोडा उचलला आणि म्हणाली, "ता."

मी तिच्या पायाशी बसून राहिले.

त्याच सुमाराला शेजारचे बियाणीजी कॉलनीतल्या दोघातिघांना घेऊन आले. वाईट माणसं नाहीत, आईच्या आजारपणात रिक्षा तेच आणायचे. "वंदनाजी, देखिए, आपका दिल बड़ा है. पर कौन है, कहाँ से आई है, किसको पता? कॉलनी में बहू-बेटियाँ हैं. संस्थावालों से कहिए कमरा उठा ले जाएँ."

खरं सांगायचं तर मला हो म्हणायचं होतं. मी दमले होते. आपलं अंगण रिकामं व्हावं, दुपारी कुणी काही सांगू नये, आईने फक्त आई असावं, पलंगावर, माझ्यासमोर. तोंडात शब्द आलासुद्धा. मग वाटलं, घर उचललं तर गेंदाबाई पुलाखाली जाईल. आणि आई? आई दुपारची कुठे जाईल?

असला विचार आपल्या डोक्यात येतोय याचंच मला नवल वाटलं. पण बियाणीजींना मी म्हटलं, "भाईसाहब, जब तक आई है, तब तक तो रहने दीजिए." ते चहा न घेताच उठले.

थंडी सरताना आई गेली. सकाळी, तोंड धुवायला मी गरम पाणी आणायला गेले तेवढ्यात. गेंदाबाईला आधी काही कळलं असेल, असं मला वाटलं होतं. तसं काही नव्हतं. मागे जाऊन सांगितलं तेव्हा ती चूल पेटवत होती. हातातली काडी विझेपर्यंत माझ्याकडे बघत राहिली.

त्या दिवशी ती पहिल्यांदा घरात आली. जाळीच्या दाराशी थांबली होती, मीच हाताला धरून पुढच्या खोलीत नेलं. आईला खाली घेतलं होतं. गेंदाबाईने तिच्याकडे बघितलं, बराच वेळ. मग माझ्या कानाशी येऊन हळूच विचारलं, "बेन... ये कौन है?"

"आई. मेरी माँ."

"नी," ती म्हणाली. "ये वो नी है."

बरोबरच होतं तिचं. खाली निजवलेली ती मूठभर हाडं होती, केस कापलेली, तोंड वाकडं झालेलं. आईचे दिवस झाल्यावर एका दुपारी कपाटातून जुना अल्बम काढला आणि मागे गेले. बाबांच्या मिलच्या सहलीचा एक फोटो आहे, त्यात पुष्कळ बायका ओळीने उभ्या आहेत. मी न सांगता तिच्यापुढे धरला. तिने क्षणभरही न थांबता बोट ठेवलं.

"ये. यही आती थी."

तिचं बोट माझ्या आईवर होतं.

हे सगळं मी डॉक्टरांना, भावाला, निधीला सांगून पाहिलंय. भाऊ म्हणतो, तू सांगितलं असशील आणि विसरली असशील. असेलही. निधी फक्त जास्त वेळा येते हल्ली. बियाणीजी पुन्हा आले होते. घर तिथेच राहील, असं मी सांगून टाकलं. त्यांनी बोलणं कमी केलंय, रिक्षा लागली तर मी फोनवरून मागवते. मीही फार खोदत नाही आता. इतकी झोप साठलीय अंगात की अर्थ लावायलाही बसवत नाही.

आई परत पायरीवर आली नाही. गेंदाबाईला विचारलं तर म्हणते, "अब क्यों आएगी? तब तो खटिया से छूटने आती थी."

एकच गोष्ट मनातून जात नव्हती. परवा दुपारी पायरीवर बसले आणि विचारलं, "तुमने उससे पूछा था, मेरे पास क्यों नहीं आती?"

"पूछा था."

"क्या बोली?"

गेंदाबाई तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "हँसने लगी. बोली, उसी के पास तो पड़ी रहती हूँ दिनभर. अब वहाँ से उठ के फिर उसी के पास क्या जाऊँ?"