फ्लिकर, आबांचं कबूतर आणि मी

अठ्ठ्याण्णव सालच्या ऑगस्टमध्ये मी कोल्हापूर सोडलं. मला सीबीएस स्टँडवर पोचवायला अर्धी गल्ली आली होती, आणि ज्यांनी यायला हवं होतं ते आमचे आबा मात्र कुठल्यातरी मंडळाच्या मांडवात शिडीवर होते. आबा लायटिंगवाले. गणपती तोंडावर आलेले, म्हणजे त्यांना जेवायलाही फुरसत नाही. मुंबईची एसटी लागली, माझ्या बॅगा आत गेल्या, जयसिंगपूरच्या मावशीने पाठवलेली भडंगाची पिशवी आईने माझ्या मांडीवर ठेवली, आणि कंडक्टर घंटीला हात घालणार तेवढ्यात आबा सायकल हाणत आले. केसांत जळमटं, खांद्यावर वायरीचं भेंडोळं तसंच. त्यांनी शर्टाच्या खिशातला टेस्टर काढून खिडकीतून माझ्या हातात कोंबला.

"परक्या मुलखात लाईटचा काय भरवसा, सुमे. असू दे जवळ."

"पावणं, आटपा की आता," कंडक्टर म्हणाला, "पोरगी चंद्रावर चाललीया व्हय?"

सगळे हसले. आई तेवढी हसली नाही. गाडी हलली तशी ती खिडकीला धरून चार पावलं चालली आणि म्हणाली, "न्हाय जमलं तर लगीच माघारी ये. मी पेढे वाटतो."

आमच्याकडच्या बायका 'मी येतो, मी वाटतो' असंच म्हणतात, हे तुम्हाला गल्लीवाल्यांना सांगायला नको. पण तुमच्यातले जे माझ्यासारखेच पुण्या-मुंबईला, दुबईला, न्यू जर्सीला पांगले आहेत, त्यांच्या मुलांसाठी लिहून ठेवते. त्या 'वाटतो'मध्ये जो दम असतो, तो 'वाटते'मध्ये कुठून येणार!

मी चालले होते इंग्लंडमधल्या एका लहानशा गावात, एका इंग्रजी शब्दकोशाच्या ऑफिसात. इंग्रजीत एम.ए. आणि पुण्यात भाषाशास्त्र एवढ्या भांडवलावर मला तिथं कामाला घेतलं होतं. नेमणूक कच्ची, एक वर्षाची. वर्ष संपलं की ठेवायचं का परत पाठवायचं ते ठरणार होतं. आबांनी मात्र कोल्हापुरातल्या प्रत्येक मांडवात जाहीर करून टाकलं होतं, "आमची सुमी इंग्रजांना इंग्रजी शिकवाय गेलीया." आता मला परत पाठवलं असतं, तर त्यांनी शिडीवरून खाली कुठल्या तोंडानं उतरायचं? आणि खरं सांगायचं तर आबांचं नाव मी नुसतं पुढे करत होते. मलाच राहायचं होतं. शब्दांचा जन्म शोधत बसायचं आणि त्याचा पगार घ्यायचा, असं काम जगात असतं हे मला माहीतच नव्हतं. ते सुटू नये म्हणून मी रोज देवाला नवस बोलत होते आणि तिकडे आई त्याच देवाला उलटा नवस बोलत होती. दर रविवारी फोन केला की तिचा पहिला प्रश्न ठरलेला, "झालीस का नापास?"

सुरुवातीचे महिने मजेचेही होते आणि रडवेलेही. लाँड्रेट, काउन्सिल टॅक्स, टेक-अवे असले शब्द जिभेवर बसले. तांबडा रस्सा आठवला की डोळ्यांत पाणी यायचं, आणि तो प्यायल्याशिवायच यायचं याचा राग यायचा. सगळ्यात जास्त बोचायची ती शांतता. आपल्याकडे शेजारच्या घरात भाजीला फोडणी पडली तरी आपल्याला ठसका लागतो. इथे शेजारी सहा महिने राहतो आणि त्याला सर्दी होते का हेही कळत नाही. दुसरं नवल म्हणजे लाईट. ती इथे जातच नाही! पहिल्या थंडीत मी सवयीने मेणबत्त्यांचं पुडकं आणून ठेवलं, तर घरमालकीण म्हणाली, "किती रोमँटिक!" तिला काय सांगणार, बाई?

ऑफिसात मला एफ अक्षराच्या टेबलावर बसवलं. टेबलाच्या प्रमुख मिसेस पार्सन्स. उंच, कडक, चहात साखर नाही आणि बोलण्यातही नाही. वर्ष संपत आलं तेव्हा त्यांनी मला एक अख्खा शब्द एकटीने करायला दिला. अर्थ लावायचे, जुने दाखले शोधायचे, इतिहास मांडायचा. तो पटला तर मी राहणार, नाही तर आईचे पेढे. शब्द होता फ्लिकर.

फ्लिकर म्हणजे ज्योत थरथरते, दिवा लुकलुकतो, ते. एवढं आपल्याला शाळेत कळलेलं असतं. पण मी मागे मागे जात राहिले आणि पाहते तर हजार वर्षांपूर्वी या शब्दात उजेड नव्हताच! होता पक्षी. पंख फडफडणं, घिरट्या घालणं, हा त्याचा मूळ अर्थ. मधली काही शतकं तो लाडीगोडी लावण्यासाठीही वापरला गेला, म्हणजे कुणाच्या तरी मागेपुढे फडफडत राहायचं. पुढे केव्हातरी, चारशे वर्षांमागे, तो पंखावरून उडून ज्योतीवर जाऊन बसला. तिथून पडद्यावर. सुरुवातीचे सिनेमे थरथरायचे, म्हणून इथली जुनी माणसं सिनेमाला अजून फ्लिक्स म्हणतात. कोल्हापूरच्या माणसाला याचं वेगळं कौतुक वाटणारच, आपलं निम्मं गाव थेटरात मोठं झालेलं.

पंखाचा शब्द उजेडाकडे कसा गेला असेल, यावर जेवणाच्या सुट्टीत चर्चा चालायची. मला त्यात कोडं असं दिसेचना. एक तर आपण दिवासुद्धा फडफडतो असंच म्हणतो. आणि दुसरं म्हणजे आबांचं कबूतर. तुम्हाला आठवतंय ना? प्लायवूडवर बल्बांचं ते भलंमोठं पांढरं कबूतर! पंख तीन जागी काढलेले, वर, मधे आणि खाली. मागे आबांनी स्वतः बनवलेला लाकडी रूळ, त्यावर तांब्याच्या पट्ट्या ठोकलेल्या. मोटर रूळ फिरवायची, पट्टीला तार टेकली की एक पंख पेटायचा, सुटली की विझायचा आणि दुसरा पेटायचा. लांबून बघणाऱ्याला वाटायचं, कबूतर उडतंय. खरं तर तिथं काही हलत नव्हतं, नुसता उजेड फडफडत होता. मी हे कागदावर चित्र काढून टेबलावर सांगितलं, तेव्हा मिसेस पार्सन्सनी चष्मा काढून पुसला आणि परत घातला. याचा अर्थ चांगला का वाईट, हे कुणालाच माहीत नव्हतं.

इतिहास झाला. अडलं ते साध्या अर्थावर. आमच्या कोशातली जुनी व्याख्या होती, विझण्याच्या बेतात असल्यासारखं थरथरत जळणं. तीच थोडी झाडून-पुसून पुढे द्यावी असा सगळ्यांचा सल्ला होता. मीही तसंच लिहिलं. पण ते मनाला पटेना. काय खटकतंय ते मात्र सापडत नव्हतं. कागद द्यायचा दिवस उजाडला आणि नेमकी माझ्या डोक्यावरची ट्यूबलाईट मिचमिचायला लागली.

आता अशा वेळी कोल्हापूरचा माणूस काय करतो? तुम्ही खुर्चीवर चढून तिला जरा फिरवणारच. आणि मी तर लायटिंगवाल्याची पोरगी. इथे त्याला वेगळा माणूस असतो, त्याला कळवायचं असतं, तो पुढच्या आठवड्यात येणार असतो, हे मला माहीत होतं. पण हात ऐकेनात. पर्समधून टेस्टर काढला, खुर्चीवर चढले, ट्यूब अर्धी फिरवली, स्टार्टरला टेस्टरच्या मुठीने टिचकी मारली. फट् करून आवाज झाला आणि अख्खा मजला अंधारात गेला. बाहेर काळे ढग, दुपारी चारलाच रात्र झाल्यासारखी. सगळ्या टेबलांवरचे कॉम्प्युटर एकदम गप्प झाले, आणि मग एकामागून एक शब्द ऐकू आले. ते सगळे आमच्या कोशात आहेत, पण इथे लिहीत नाही.

मी खुर्चीवर तशीच उभी. हातात टेस्टर, त्यामुळे चोर कोण हे विचारायचीही गरज नव्हती. डोळ्यांपुढे सीबीएस दिसायला लागलं. आई पेढ्यांचा पुडा घेऊन उभी आणि आबा कुठेतरी मांडवामागे तोंड लपवून बसलेले. एवढं वर्ष घासून घासून काम केलं आणि शेवटी एका ट्यूबने घालवलं!

मिसेस पार्सन्स जवळ आल्या. "खाली उतर, पडशील," एवढंच म्हणाल्या. आम्ही खिडकीशी बसून राहिलो. थोड्या वेळाने जिन्याखाली कुणीतरी खटका वर केला, आणि लांबच्या टोकाची ट्यूब एकदा मिचकली, दोनदा मिचकली, आणि मी बेंबीच्या देठापासून ओरडले, "आऽऽलीऽऽ!"

सबंध मजला माझ्याकडे वळून बघायला लागला. तुमच्यापैकी कुणीही असतं तर तेच केलं असतं. गल्लीत लाईट गेलेली असायची, पोरं कट्ट्यावर, बाया दारात, आणि कोपऱ्यावरच्या दुकानातली ट्यूब जरा मिचमिचली की सगळी गल्ली एका सुरात ओरडायची. पूर्ण उजेड पडायची वाट कोण बघतंय? पण इथे मी एकटीच ओरडले होते. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"का ओरडलीस?" मिसेस पार्सन्सनी विचारलं. मी मान खाली घालून आमच्या गल्लीची रीत सांगितली. त्यांनी पुढे विचारलं, "पण तेव्हा दिवे लागले कुठे होते? नुसते फ्लिकर होत होते."

"म्हणजे आलेच की," मी म्हटलं.

टेबलावरचा माझा कागद उचलून त्यांनी परत माझ्याच हातात दिला. "इथे तर विझण्याच्या बेतात असं लिहिलंयस. पेटण्याच्या बेतातलं कुठे आहे?"

तेव्हा मला माझं खटकणं सापडलं! ज्योत विझताना थरथरते हे खरं, पण ट्यूब लागताना थरथरते. चेहऱ्यावर हसू फ्लिकर होतं तेव्हा ते येत असतं, जात नसतं. दाखल्यांच्या ढिगात दोन्ही तऱ्हेचे दाखले होते, नुसते कुणी तसे वेगळे काढले नव्हते. मी त्याच संध्याकाळी बसून व्याख्या नव्याने लिहिली. विझण्यापूर्वी किंवा पेटण्यापूर्वी अस्थिरपणे प्रकाशणं. काम संपलं तेव्हा मी इतकी खूश होते की आता ठेवा नाही तर हाकला, असं खरंच वाटलं. हे वाटणं बसस्टॉपपर्यंत टिकलं.

त्या रविवारी फोन केला. "झालीस का नापास?" आईने विचारलं.

"न्हाय गं आई, पास झालो," मी म्हटलं. मीसुद्धा 'झालो'च म्हटलं. "पक्की नोकरी. ठेवून घेतलं मला."

मागे आबांचा आवाज आला, "काय म्हणतीया? काय म्हणतीया?" मला वाटलं, आता आई रडणार. पण ती म्हणाली, "बरं. मग आता खोली सोड. धड घर बघ. आमी आल्यावर काय तुझ्या कॉटखाली झोपायचं व्हय?"

घर व्हायला तीन वर्षं गेली. छोटंच आहे, मागे हातभर बाग. दोघं पहिल्यांदा आले ते नाताळच्या सुमारास. आबांनी बाजारपेठेतलं लायटिंग बघितलं आणि मान हलवली, "माल झ्याक हाय. पण हलत काय न्हाय." तोवर कोल्हापुरातही चायना माळा आल्या होत्या, आबांचा कबुतराचा रूळ माळ्यावर गेला होता. मला त्याचं वाईट वाटायचं. त्यांना नाही. माळा लावायलाही शिडीवर माणूस लागतोच, असं त्यांचं म्हणणं. आईने आठ दिवसांत स्वयंपाकघर ताब्यात घेतलं, खिडकीतल्या कुंडीत कोथिंबीर पेरली, आणि ज्या शेजाऱ्याशी मी कधी धड बोलले नव्हते, त्याला भिंतीवरून चटणी दिली. तो बिचारा दोन दिवस दिसला नाही. तिसऱ्या दिवशी रिकामी वाटी घेऊन आला आणि आणखी मागितली.

मला लोक विचारतात, तुमचं घर कुठलं? मी कोल्हापूर म्हणते. कोल्हापुरात आले की तुम्हीच विचारता, घरी कधी जाणार? तेव्हा मी विमानाची तारीख सांगते. पूर्वी या दोन उत्तरांमध्ये माझी फार ओढाताण व्हायची. मग त्या पहिल्या भेटीच्या शेवटी आई-आबांच्या जाण्याचा दिवस आला. टॅक्सी दारात उभी, आबा पुढे बसलेले. मी कुलूप लावलं. आईने माझ्या हातातल्या जुडग्यातली जादाची किल्ली काढून घेतली, रुमालाच्या टोकाला गाठ मारून बांधली आणि पदराआड ठेवून दिली. कोल्हापूरला निघालेल्या बाईला इथली किल्ली कशाला, असं मी विचारलं.

"असू दे," ती म्हणाली. "आपल्याच घरात शिरायला बेल कोण वाजवत बसणार?"