दोनची नोंद

मिलिंदशी माझं शेवटचं बोलणं झालं ते वरवट बकालच्या आमच्या घरी, वरच्या टिनाच्या खोलीत. मी चिखलीला शाळेत शिकवते. मे महिन्याच्या सुट्टीत माहेरी आले होते. दुपारी ताक घेऊन वर गेले, तर हा माझा धाकटा भाऊ कॉम्प्युटरसमोर घामानं निथळत बसलेला, एक हात छातीवर. "ताई, जरा भरल्यावानी होऊन राह्यलं." मी म्हटलं, "चाल, शेगावले दवाखान्यात जाऊ." तर म्हणतो, "दोनची नोंद होऊ दे, मंग जाऊ." दोन वाजायला पाऊण तास होता. आणि मी, जन्मभर पोरांना दटावणारी बाई, "हाव बाप्पा, पण मंग लगेच," म्हणून खाली उतरले... शेगावच्या वाटेवर, गाडीतच तो गेला.

ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, ज्याला ते लोक कर्नल म्हणतात, त्यातलं घड्याळ अधिक अचूक करायचं हा त्याचा ध्यास होता. कॉम्प्युटरमधल्या एका स्फटिकाच्या कंपनांवरून कर्नल वेळ मोजतो, आणि स्फटिक तापला की मोजणी किंचित चुकते. ती सुधारताना कधी घड्याळ क्षणभर मागं सरकतं. "काऊन रे, सेकंदाच्या लाखाव्या हिश्श्यानं कोनाचं काय अडते?" मी चिडवायची. तो मात्र कावराबावरा व्हायचा. "पुढं गेलं त चालते ताई, पण मांगं नाई गेलं पाह्यजे. मंग पह्यले काय झालं अन् नंतर काय, हेच समजत नाई." त्याचं काम तपासणारे थंड खोल्यांत बसणारे; त्यांना ही चूक दिसेचना. आमच्या टिनाखाली ती रोज भरदुपारी दिसायची. त्यानं दुरुस्ती लिहिली होती. त्यांची अट एकच, तीन आठवडे मशीन अखंड चालवून नोंदी पाठवायच्या. तो गेला तेव्हा बारा दिवस झाले होते.

उरलेले नऊ दिवस मी राखले. लाइट गेली की बॅटरीची टीं टीं सुरू व्हायची आणि मी हातातलं टाकून वर धावायची. त्याच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी वंदना चालू असतानाच वरून तो आवाज आला. कुणा पाहुण्यानं कूलर लावायला प्लग काढला होता. मी भन्तेजींसमोरून उठून जिना चढले. मागून काकू म्हणाली, "भाऊ गेला अन् हिले मशीनची पडली." पडली होती खरी. त्या मशीनचा मला संताप यायचा, आणि ते बंद पडेल या धास्तीनं डोळ्याला डोळा लागत नव्हता.

एकविसाव्या दिवशी, त्याच्यासोबत कर्नलवर काम करणाऱ्या एका सोबत्यानं फोनवर सांगितलं तशी मी नोंदींची फाइल उघडली. पाठवण्याआधी तो गेला त्या दिवसाची दुपार शोधली. दोनची नोंद होती. एक वाजून एकोणसाठची होती, दोन वाजून एकची होती, आम्ही गाडीत होतो त्या प्रत्येक मिनिटाची होती. नोंद आपोआप होत होती. त्यानं तिथं बसायची काही गरजच नव्हती... स्वतःच लिहिलेलं, त्याला ठाऊक नव्हतं थोडंच! लाइट जाईल, काही अडेल, ही त्याची जन्माची धाकधूक. आणि मी साधं विचारलंसुद्धा नाही, की बाबा, तू उठलास तर नोंद राहते का?

दुरुस्ती स्वीकारली गेली. मशीन आता बंद करायला हरकत नाही, असं सोबत्यानं कळवलं. सुट्टी संपत आली आहे, तरी मी ते केलेलं नाही. रोज दुपारी सव्वा वाजता ताक घेऊन वर जाते, खुर्चीशेजारी उभी राहते, आणि त्या रिकाम्या खुर्चीला म्हणते, "ऊठ, आत्ताच जाऊ."