रंगारी बाई आणि पाळीवरचे ससे

आमच्या शेजारच्या रंगारी बाईंकडे येणारी माणसं पळसाच्या पानात बांधून सशाची आतडी आणत. बाई नसल्या की पुडा माझ्या हाती. मी पक्का शाकाहारी, इतिहासाचा मास्तर! "गुरुजी, बाईले देजा बरं," म्हणून माणूस मोकळा. मी नाक दाबून पुडा त्यांच्या ओट्यावर ठेवायचो आणि दोघांच्याही नावानं बोटं मोडायचो.

बाई शाळेत जीवशास्त्र शिकवत आणि घरी जंत शोधत. पवनीकडच्या आमच्या गावात कोणीतरी विलायती ससे पाळायला आणले. धंदा बसला, तसे ससे तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, सोडून दिले. त्यांनी तिथंच संसार थाटला आणि गावाची चंगळ झाली. मग एकदा धनराजभाऊंना कापलेल्या सशाच्या पोटात भिजवलेल्या साबुदाण्यासारखे फोड दिसले. भाऊंनी चावडीवर गाव गोळा केलं.

"बाहेरून रोग आनला यायनं! पाळीवर जहर टाकून देऊ," भाऊ गरजले. सगळ्यांच्या माना हलल्या.

बाई पदर खोचून उभ्या राहिल्या. "पोटात पाह्यल्याबिगर कोनाचं नाव घेऊ नका!" हे त्यांचं नेहमीचं वाक्य. "हे फोड म्हंजे कुत्र्याच्या जंताची पिल्लं. आतडी तुम्ही कुत्र्याले टाकता, त्याच्या पोटात जंत वाढते. त्याची अंडी गवतावर पडते, अन् तेच गवत ससा खाते. भाऊ, तुमचा मोत्या कुठी हाये?"

"माहा मोत्या? दूधभात खाते तो!"

मोत्यानं तेवढ्यात कुंपणाशी बसून गावादेखत आपलं काम उरकलं. बाई काडी घेऊन धावल्या आणि काडीवर वळवळणारा जंताचा पांढरा तुकडा त्यांनी भाऊंच्या नाकाशी धरला. भाऊ खुर्चीसकट मागे गेले. मी तर सरळ घर गाठलं.

जहर टळलं. बाईंनी घरोघरच्या कुत्र्यांना गुळातून जंताच्या गोळ्या चारल्या, आणि आतडी कुत्र्यांऐवजी बाईंकडे, म्हणजे माझ्या माथी, यायला लागली.

निवृत्तीनंतर बाई माहेरी, चिखल्याला निघाल्या. एसटी सुटता सुटता भाऊ धावत आले आणि खिडकीतून पुडा दिला. "लुगडं असंल," माझी बायको कुजबुजली. कसलं लुगडं! बाईंनी पान उलगडताच कंडक्टर ओरडला. बाईंनी शांतपणे चष्मा लावला, आतडी उलटसुलट केली.

"एकबी फोड नाही, भाऊ," म्हणाल्या, आणि ढसाढसा रडल्या.

"गोळी चुकवत नाही ना मी मोत्याची," भाऊंनी खिडकीचा गज धरला. "काहून जाऊन राहिल्या बाई?"

"गुरुजी, पुरून टाकजा हे," म्हणत बाईंनी पुडा माझ्याकडे दिला. गाडी हलली. माझ्या एका हातात पुडा, दुसरा डोळ्यांवर. नाक दाबायला हातच उरला नव्हता.