आबांनी चिंधीवर उतरवलेली नावं

माझे आबा, म्हणजे वडील, गुजरातेत पांडेसऱ्याच्या एका मिलमध्ये, कलर किचनमध्ये कामाला होते. नाव किचन असलं तरी तिथे शिजायचा तो साड्यांचा रंग. पिंपातली पावडर वाडग्याने काढायची, तोलायची, गरम पाण्यात कालवायची आणि बादल्या मशीनवाल्यांकडे पोचवायच्या. हातमोजे नव्हते, तोंडाला रुमाल बांधला तर खात्याचा मास्तर हसायचा. पावडर उडायची ती नाकात, डोळ्यात, घामाबरोबर अंगात. लिंबायतच्या आमच्या गल्लीत आबांकडे नुसतं पाहून मिलमध्ये कसली ऑर्डर चालू आहे ते कळायचं. लग्नसराईच्या आधी ते लाल असायचे. थुंकी लाल, कानातला मळ लाल, उशीवर लाल डोकं उमटलेलं. शेजारणी हसायच्या आणि आबाही हसायचे.

म्हणूनच लघवी लाल झाली तेव्हा तोही कामावरचा रंगच असं त्यांनी धरलं. दीड महिना घरात कुणाला बोलले नाहीत. एकदा मोरी धुताना मायच्या लक्षात आलं. तिने विचारलं, "आज कोणता रंग व्हता?"

"निळा."

"मंग हाई लाल कसं?"

दुसऱ्या दिवशी मायने त्यांना सरकारी दवाखान्यात नेलं. सोबत मीही गेले. मी तेव्हा अकरावीत होते, नव्वदीचं दशक निम्मं सरलं होतं, आणि कागद वाचायचं काम घरात माझ्याकडे असायचं.

दवाखान्यात एक तरुण डॉक्टरबाई होत्या. त्यांनी दुर्बीण घालून तपासायला सांगितलं. लघवीच्या पिशवीत गाठ निघाली. ती काढायची ठरली तेव्हा बाईंनी आबांना खुर्चीवर बसवलं. आजवर कोणी त्यांना असं बसवलं नव्हतं.

"काका, काम क्या करते हो?"

"कलर में."

"कौन सा कलर?"

"सब."

बाईंनी पेन खाली ठेवलं. सब म्हणजे काहीच नाही, म्हणाल्या. पिंपावर नाव असतं, ते पाहिजे. ते कळलं तर तुमच्याबरोबर काम करणाऱ्यांचंही बघता येईल.

गाठ काढली. पंधरा दिवसांनी आबा परत कामावर गेले. घरात दुसरं कमावणारं कोणी नव्हतं. त्यांनी मास्तरला सरळ विचारलं, पिंपात काय असतं? मास्तर म्हणाला, "तुला काय करायचंय? पिंपावर नंबर आहे, नंबर बघून काढ." आबांची शाळा चौथीपर्यंत, तीही गावच्या मराठी शाळेत. इंग्रजीचा गंध नव्हता. पण त्या संध्याकाळी घरी आल्यावर त्यांनी कमरेच्या नाडीजवळून सुती कापडाची एक चिंधी काढली आणि माझ्यापुढे पसरली. तिच्यावर बॉलपेनने अक्षरं काढली होती. लिहिली नव्हती, काढली होती, जशी रांगोळी काढतात तशी. एस उलटा, एनचा तिसरा दांडा खालीच राहिलेला, आणि शेवटी कवटी व दोन हाडं, तेवढी मात्र अगदी बिनचूक.

"वाच," म्हणाले.

मला वाचता येईना. शब्द वीतभर लांब होता. मी तो जसाच्या तसा वहीत उतरवला. दुसऱ्या दिवशी दुसरी चिंधी आली. पिंप भिंतीकडे तोंड करून ठेवलेलं असलं तर आबा ते फिरवायचे. लेबल अर्धं फाटलेलं असलं तर अर्धंच आणायचे. एकदा मास्तरने त्यांना पिंपापाशी वाकलेलं पाहिलं आणि काय करतोस म्हणून दरडावलं. "कंबर धरली," आबा म्हणाले आणि तसेच वाकून राहिले, अक्षर पुरं होईपर्यंत.

महिन्याभराने वही घेऊन आम्ही डॉक्टरबाईंकडे गेलो. त्यांनी एकेक पान वाचलं आणि तीन नावांभोवती गोल केला. मग माझ्याकडे बघून सावकाश समजावलं. यातली काही द्रव्यं माणसाच्या पिशवीत गाठ उठवतात. लगेच नाही. काम सोडून दहा-वीस वर्षं झाल्यावरसुद्धा. काही अशी की पाण्यात सोडली तरी संपत नाहीत, गाळात बसून राहतात. शेवटी त्यांनी विचारलं, घरात पाणी कशात भरता?

मी मायकडे पाहिलं. "ड्रममध्ये," ती म्हणाली.

लिंबायतमध्ये नळाला तासभर पाणी यायचं आणि डंकीचं, म्हणजे हातपंपाचं, पाणी तर कधीकधी चहासारखं तांबूस यायचं. त्यामुळे घराघरात मोठा ड्रम होता. तो मिलमधूनच निघून भंगारवाल्याकडे यायचा, तिथून आमच्याकडे. घासून स्वच्छ केलेला, घट्ट झाकणाचा. आमच्या ड्रमच्या पोटावर खरवडलेल्या लेबलाची एक पट्टी उरली होती. घरी येऊन मी वही तिच्याशेजारी धरली. गोल केलेल्या एका नावाशी अक्षरं जुळली.

मायने ड्रम गल्लीत आडवा केला, स्टोव्हवर सळई तापवली आणि त्याच्या बुडाला तीन भोकं पाडली. प्लॅस्टिक जळल्याचा वास सुटला तशा बायका जमल्या.

"येडी झाली का? विकला तरी असता," शेजारची काकू म्हणाली. ती नांदेडकडची होती.

"विकला असता तर दुसरीच्या घरात गेला असता."

"मग पाणी कशात भरायचं? पदरात?"

"माझ्याकडे दोन हंडे आहेत," माय म्हणाली, "एक तू ने. पण या ड्रमातलं तुझ्या लेकराला पाजू नको." काकू रागाने निघून गेली. तासाभराने परत आली आणि सळई मागितली. त्या दिवशी गल्लीत सहा-सात ड्रमांना भोकं पडली. बाकीच्यांनी ठेवले. त्यांना मी दोष देत नाही, तासाभराच्या पाण्यावर घर चालवून बघावं म्हणजे कळतं.

ही गोष्ट मिलपर्यंत पोचायला आठवडा लागला. मॅनेजरने आबांना बोलावलं, आणि वाचायला मुलगी लागते म्हणून मीही गेले. टेबलावर गुजरातीत टाइप केलेला कागद होता. गल्लीत खेळून मला गुजराती येत होतं. कागदात लिहिलं होतं की आबांना बिडीचं जुनं व्यसन आहे, त्यांचा आजार त्यामुळे झाला आहे आणि मिलशी त्याचा संबंध नाही. सही केली तर आबांना फोल्डिंग खात्यात साड्यांच्या घड्या घालायचं, बसून करायचं काम मिळणार होतं. मी मोठ्याने वाचून दाखवलं. एकही शब्द गाळला नाही.

"बीडी तो सब पीते हैं," मॅनेजर म्हणाला. "बात छोटी है."

आबांनी आपले दोन्ही हात टेबलावर ठेवले. नखांच्या कडा जांभळ्या होत्या. "मी कधी बीडीले हात नही लाया," ते अहिराणीतच म्हणाले, समोरच्याला कळो वा न कळो. "खोटा कागदवर मी सही नही करस." आणि मग हिंदीत, "साहब, इस में लिखो कि मैं कलर में काम करता था. उस पे अभी अंगूठा देता हूं, दोनों हाथ का."

मॅनेजरने कागद उचलला. दुसऱ्या दिवसापासून आबांना फाटकातून आत घेतलं नाही.

त्यानंतरचे महिने कठीण गेले. माय घरी साड्यांना टिकल्या लावू लागली, मीही शाळेतून आल्यावर सुई धरायची. पण आबा बसून राहिले नाहीत. रोज दुपारी पाळी सुटताना ते फाटकाबाहेर उभे राहायचे आणि कलर किचनच्या माणसांना विचारायचे, लघवी कशी आहे? भर रस्त्यात. सुरुवातीला लोक लाजून पळायचे. मग एक जण थांबला, ओडिशाकडचा होता. मग आणखी दोघे. आबा त्यांना दवाखान्यात त्याच डॉक्टरबाईंसमोर नेऊन बसवायचे. एकाची गाठ अगदी लहान असताना सापडली.

पावसाळा संपता संपता कलर किचनच्या नऊ माणसांनी ठरवलं की डॉक्टरबाईंनी गोल केलेल्या नावांची पिंपं ते उघडणार नाहीत. मी तेव्हा आबांबरोबर फाटकापाशी होते. आत काय झालं ते बाहेर आलेल्यांनी सांगितलं: मशीनी थांबल्या, आरडाओरडा झाला, आणि शेवटी मास्तरने स्वतः झाकण काढलं. त्याने नाकाला रुमाल बांधला होता, दुहेरी. आबा इतके हसले की त्यांना कठड्याला धरावं लागलं.

मिलने हातमोजे दिले, पंखा लावला. हातमोजे आठवड्यात फाटायचे, माणसं पुन्हा मागायची. तीनपैकी दोन नावांची पिंपं यायची बंद झाली. मिलचं पाणी जायचं ती खाडी मात्र रंगीतच वाहत राहिली.

त्यानंतर आबा चार वर्षं जगले. गाठ दोनदा परत आली. शेवटच्या वर्षी गावचे कोणी भेटायला आले आणि नशिबाचं म्हणू लागले, की माय त्यांना तिथेच थांबवायची. ती त्यांना मिलचं नाव सांगायची, खात्याचं सांगायची, किती वर्षं काम केलं ते सांगायची, आणि मगच चहा ठेवायची.

ज्याची गाठ लवकर सापडली तो आता गोडादऱ्याला राहतो. दर वर्षी दुर्बिणीची तपासणी झाली की मला फोन करतो आणि म्हणतो, "साफ आहे." मग आम्ही दोघं इकडचं तिकडचं बोलतो.