पावसाच्या वहीतली चार शून्यं

रॉकेलचा वास आला की मला चाकणच्या आमच्या कचेरीतली पावसाची वही आठवते. पंचावन्न सालच्या आसपासची गोष्ट, मी तिथे नवा कारकून होतो. आवारातल्या पर्जन्यमापकातलं पाणी रोज सकाळी काचेच्या पेल्याने मोजायचं काम कुरुळीच्या एका म्हाताऱ्या शिपायाकडे होतं. ऐन श्रावणात त्याला पटकी झाली आणि चौथ्या दिवशी तो गेला. झड अशी लागली होती की सरण पेट घेईना. त्याचा मुलगा सारखा म्हणत होता, “वता, आजून रॉकेल हाय.” आम्ही ओतत राहिलो. कचेरीत परतलो तर वहीतले चार रकाने मोकळेच होते. पटकीच्या माणसाच्या हातचा पेला म्हणून त्याला कोणी शिवलं नव्हतं, मीही नाही. साहेब म्हणाले, “रकाना मोकळा चालत नाही. शून्य टाका.” मी टाकली. परवा हवामानाचा अभ्यास करणारी एक मुलगी त्या वहीचे फोटो घेऊन घरी आली. “आजोबा, त्या श्रावणात चार दिवस थेंबही पडला नव्हता ना?” तिने विचारलं. खाली सही माझी होती. मी हो म्हणालो.