शिंकणाऱ्यांनी घरी जावे

मसाल्याच्या कारखान्यात काम केलेल्या बाईची साडी कितीही धुवा, ती झटकली की शेजारचा शिंकतोच. किस्स्यांचंही तसंच आहे. कारखाना सोडून मला बरीच वर्षं झाली, पण चार मैत्रिणी जमल्या आणि कुणी नुसतं ‘फ्लू’ म्हटलं, की माझ्या पदरातून एकेक पडायला लागतो.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. आमचा कारखाना वसईजवळ गोखिवऱ्याला. मी बोळिंजची, मॅट्रिक झालेली, म्हणून हजेरी आणि फोन माझ्याकडे. बाकी पंचवीस-तीस बायका मिरच्या निवडायच्या, भाजायच्या, पुड्या भरायच्या. गिरणी भास्कर चालवायचा. बायकांवर हुकूम फिलूमावशीचा. ती उमेळ्याची, लाल लुगड्यातली, आवाज असा की गिरणी चालू असतानाही तिचं कुजबुजणं सगळ्यांना ऐकू जायचं. आणि सगळ्यांच्या वर आमचे मॅनेजर नाबरसाहेब. ते दादरहून यायचे, बारा महिने छत्री घेऊन. पांढरा शर्ट घालून मसाल्याच्या कारखान्यात येणारा तेवढा एकच माणूस मी पाहिला.

*

एके दिवशी साहेब वर्तमानपत्र हातात धरूनच आले. परदेशात फ्लूची साथ सुरू झाली होती. ती कधीही वसईत उतरेल, म्हणाले. सगळ्यांना गिरणीसमोर उभं केलं आणि तयारी जाहीर केली. पहिला नियम, ज्याला शिंक येईल त्यानं ताबडतोब घरी जायचं. दुसरा, साथ टळेपर्यंत सर्वांच्या रजा रद्द.

दुसरा नियम ऐकून हिल्डाचा चेहरा उतरला. हिल्डा पुड्या भरायची, फिलूमावशीच्या बहिणीची मुलगी. तिचं लग्न ठरलेलं, सोमवारी. तीन रविवार चर्चमध्ये घोषणा झालेली. नवरा मुलगा जहाजावरचा, त्याला आठवड्यात परतायचं. त्याच बुधवारपासून उपवासकाळ लागत होता. त्या चाळीस दिवसांत आमच्याकडच्या ख्रिस्ती घरांत लग्नं होत नाहीत, म्हणजे हा सोमवार गेला की नवरा गेला समुद्रात. बरं, न विचारता दांडी मारावी तर साहेब नाव कमी करणार. नवरा जहाजावर असताना सासरी नुसती बसून राहायला हिल्डा तयार नव्हती. तिला लग्नही हवं होतं आणि नोकरीही.

ती हळूच म्हणाली, “साहेब, माझं लग्न...”

“साथीपुढे लग्न काय? गिरणी सुरू कर रे भास्कर.”

भास्करनं गिरणी सुरू केली. त्या दिवशी लाल मिरची दळायला होती. पाच मिनिटांत सगळ्या बायका डबे घेऊन फाटकाशी. प्रत्येकीला शिंक आलेली, नियम म्हणजे नियम. साहेब अडवायला धावले आणि मधेच त्यांनाच तीन शिंका आल्या.

फिलूमावशी म्हणाली, “चला साहेब, तुमचीही छत्री घ्या.”

*

दुसऱ्या दिवशी नियम बदलला. शिंक धरायची नाही, ताप धरायचा. साहेबांनी दादरहून थर्मामीटर आणला. एकच. तो रोज प्रत्येकीच्या तोंडात जाणार म्हटल्यावर बायका मागे सरकल्या.

“दुसरीचं उष्टं मी तोंडात घेणार नाही,” असं म्हणणारी निघाली, तशी “माझं उष्टं हिला चालत नाही का?” म्हणणारीही निघाली. भांडण जुंपलं.

साहेब म्हणाले, “अहो, प्रत्येक वेळी धुऊन देऊ. हे बघा, आधी मी लावतो. मावशी, धुऊन आणा.”

मावशीनं संकेश्वरी मिरचीची पाटी खाली ठेवली, तशीच नळावर गेली, थर्मामीटर बोटांनी चांगला चोळचोळून धुतला आणि आणून दिला. साहेबांनी तो ऐटीत जिभेखाली ठेवला. थोड्याच वेळात त्यांचे कान लाल झाले, डोळ्यांतून पाणी, कपाळावर घाम.

“साहेबांना ताप आला,” भास्कर घाबरून म्हणाला.

मावशीनं आपली बोटं हुंगून पाहिली. “ताप नाही. संकेश्वरी आहे.”

*

मग मास्क आले. साहेबांच्या बायकोनं स्वतः शिवलेले, पांढऱ्या मलमलीचे. बायका बिचाऱ्या पदर बांधायच्या त्याऐवजी ते बांधून बसल्या. दुपारपर्यंत सगळे मास्क तोंडापाशी लालभडक.

माल न्यायला टेंपोवाला आला. त्यानं दारातून आत पाहिलं. तोंडाला लाल डाग पडलेल्या तीस बायका त्याच्याकडे बघत होत्या. तो टेंपो तिथेच सोडून चालत स्टेशनला गेला. तो टेंपो न्यायला संध्याकाळी त्याचा मोठा भाऊ आला, तोही नाकाला रुमाल बांधून.

*

पुढचा बेत मात्र मला मनापासून पटला होता. माणूस आजारी पडला तर काम अडू नये, म्हणून प्रत्येकानं दुसऱ्या एकाचं काम शिकून ठेवायचं. त्याला साहेबांनी ‘बदली’ असं नाव दिलं.

माझी बदली भास्कर. त्याला फोन शिकवला. जन्मभर गिरणीच्या आवाजावर बोललेला माणूस, त्यानं रिसीव्हर उचलून असं काही “हॅलो” ठोकलं, की विरारचे व्यापारी म्हणाले, “फोन ठेव बाबा, तसंच बोल. ऐकू येतंय.”

साहेबांची बदली कोण, हा प्रश्न आला. कुणी तयार होईना. मावशी म्हणाली, “मी होते. काय शिकायचं त्यात?”

साहेबांना राग आला. “निर्णय घ्यावे लागतात, मावशी. मी आजारी पडेन त्या दिवशी तुमचा शब्द शेवटचा. माझाही नाही.”

“असं होय,” मावशी म्हणाली, आणि साहेबांच्या खुर्चीत बसून पाहिलं.

*

लग्नाला दोन दिवस राहिले. हिल्डानं पुन्हा रजा मागितली, पुन्हा नाही मिळाली. त्या दिवशी तिनं भरलेल्या पुड्या मावशीला परत बांधाव्या लागल्या.

आणि नेमका त्याच शनिवारी साहेबांनी तालमीचा बेत काढला. सोमवारी अर्धा कारखाना आजारी आहे असं समजायचं, आणि उरलेल्यांनी काम चालवून दाखवायचं. कोण आजारी ते चिठ्ठ्या टाकून. आजाऱ्यांनी घराबाहेर पाऊलही टाकायचं नाही.

चिठ्ठ्या मी केल्या, अगदी प्रामाणिकपणे, निम्म्या-निम्म्या. हिल्डानं कपाळा-छातीवर क्रूसाची खूण करून चिठ्ठी उचलली. ‘धडधाकट’. ती मट्कन पोत्यावर बसली.

शेवटची चिठ्ठी साहेबांची. त्यांनी उघडून पाहिली, हिल्डाकडे पाहिलं, चिठ्ठी घडी करून खिशात घातली.

“आजारी,” म्हणाले. आणि छत्री घेऊन निघाले.

सोमवारी आठ वाजता फिलूमावशी साहेबांच्या खुर्चीत. हिल्डा रजा मागायला टांग्यातून आलेली, केसांत फुलं, कारण मावशीचं राज्य आठच्या आधी सुरू होत नव्हतं.

“लिहा ताई,” मावशी मला म्हणाली. “हिल्डाची रजा मंजूर. परत येईल तेव्हा तिची जागा तिचीच. आणि बाराच्या ठोक्याला गिरणीला ताप येईल.”

बारा वाजता भास्करनं गिरणी बंद केली. धडधाकट आणि आजारी, सगळे उमेळ्याच्या मांडवात. बँड वाजत होता, मटणाच्या रश्श्याचा वास सुटला होता, मावशी कोपरापर्यंत पिठानं माखून वडे थापत होती. इतक्यात बँड अडखळला. मांडवाच्या दाराशी नाबरसाहेब उभे, पांढरा शर्ट, हातात रंगीत कागदात गुंडाळलेली भेट. आत यायचं नाव नाही. हिल्डानं नवऱ्याचा हात घट्ट धरला.

साहेबांनी मावशीकडे पाहिलं.

“साहेब,” ते मावशीला म्हणाले, “ताप उतरलाय. आत येऊ का?”

मावशी सावकाश उठली. त्यांना नीट खालवर न्याहाळलं.

“थर्मामीटर आणलाय?”

साहेबांनी खिशातून काढला.

“द्या इकडे,” मावशी हात पुढे करून म्हणाली, “धुऊन देते.”