ओटीतला नारळ आणि एकवीस किलोमीटर

वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी मी आयुष्यात पहिल्यांदा पळाले, आणि तेही कुत्रं मागं लागलं म्हणून.

लातुरात औसा रोडला मी दूध आणायला निघाले होते. कुत्र्यानं दोन खांबांपर्यंत पाठलाग केला आणि मग (हिच्यात काही मजा नाही हे ओळखून) ते परत गेलं. मी मात्र थांबायचं विसरले! समोरून निळ्या टी-शर्टातली दहा-बारा माणसं पळत येत होती. पुढं होते रज्जाकभाई. दिवसा गंजगोलाईत शिलाईचं दुकान चालवतात आणि पहाटे धावण्याचं मंडळ.

"ताई, दम हाय तुमच्यात! उद्यापासून मंडळात या."

"अहो भाई, मी कुत्र्याला भिऊन पळाले!"

"मी पण शुगरला भिऊनच सुरू केलतं. साडेपाचला या."

गेले. पहिला महिना एक खांब पळायचं, दोन खांब चालायचं. येणारे-जाणारे गाड्या थांबवून विचारायचे, "मॅडम, कोणाचं काय झालं का?" एकदा आमच्या शाळेच्या शिपायानं मला बळंच मोटारसायकलवर बसवलं आणि थेट मंडळापुढं आणून उतरवलं. (त्या दिवशी मंडळात सगळ्यात जास्त वेग माझा होता.) पण एक गोष्ट सांगते. शेवटचा माणूस परत येईपर्यंत मंडळातलं कोणी घरी जायचं नाही, असा तिथला नियम. आणि शेवटचा माणूस रोज मीच! लोकांना ऑफिस, दुकानं, पोरांचे डबे. तरी सगळे माझ्यासाठी उभे, आणि मी दिसले की टाळ्या. अठ्ठावीस वर्षं शाळेत शिकवून मला एवढ्या टाळ्या मिळाल्या नव्हत्या. त्या टाळ्यांसाठी मी पळत राहिले.

आठ महिन्यांनी रज्जाकभाईंनी नांदेडच्या एकवीस किलोमीटरच्या स्पर्धेचा फॉर्म माझ्यापुढं ठेवला. "तीन तासांच्या आत पोचलात तर गळ्यात मेडल. एक मिनिट जरी उशीर झाला तर नुसतं केळं." मला मेडल पाहिजे होतं. आयुष्यात कधी मिळालं नव्हतं, आणि आमच्या ह्यांनी "केळं तर नक्की" असं सांगून ठेवलं होतं.

एवढ्यावर गप्प बसले असते तर बरं झालं असतं. पण माझी लेक प्राची नांदेडला दिलेली, आणि स्पर्धेचा रस्ता तिच्या सासरच्या दारावरूनच जात होता. विहीणबाईंचा फोन आला.

"ईनबाई, तुमच्यानं व्हतंय का हे? आपले गुडघे म्हणजे…"

मला झोंबलं. "तुमच्या दारावरूनच जाणार आहे. उभ्या राहा बघायला!"

त्यांचं नवीन घर झाल्यापासून मी तिकडं एकदाही गेले नव्हते. पहिल्यांदाच दारावरून जाणारी विहीण तशीच पुढं जाऊ देतील, तर त्या मराठवाड्याच्या कशाच्या? हे मला कळायला हवं होतं.

स्पर्धेच्या दिवशी सतरा किलोमीटरपर्यंत माझं मलाच नवल वाटत होतं. शेजारी रज्जाकभाई घड्याळ बघत पळत होते. "दोन तास सोळा मिनिटं. आता निस्तं थांबू नका, मेडल तुमचंच!"

तेवढ्यात वळण आलं, आणि रस्त्यावर रांगोळी दिसली.

रांगोळीच्या पुढं पाट. पाटापुढं कडक इस्त्रीच्या साडीत, हातात ताट घेऊन विहीणबाई. मागं जावई, सासरे, अख्खी गल्ली. आणि प्राची, कपाळाला हात लावलेली.

"विहीणबाई, वेळ नाही हो!" मी जागच्या जागी पळत म्हणाले.

"असं कसं? पहिल्यांदा आल्यात. पाटावर या. आन् हलू नका, निरांजन इझंल."

ओवाळून झालं. मग त्यांनी खण, नारळ आणि ओंजळभर तांदूळ उचलले आणि एकदम थबकल्या. सगळी गल्ली थबकली.

"आगं बाई, पदर कुठं हाय?"

टी-शर्टाला पदर नसतो, हे इतकी वर्षं कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं!

"आत चला, माझं पातळ नेसा. पाच मिन्टांत व्हतंय."

"पाच मिन्टं?" रज्जाकभाई किंचाळले. "आपा, रहम करा! ताईचं आठ महिन्यांचं काम हाय हे!"

विहीणबाईंनी त्यांच्याकडं निरखून बघितलं. "तुम्ही मंडळाचे मुख्य ना? मग तुम्ही बी मानाचे." आणि जावयानं मागून येऊन त्यांच्या डोक्यावर फेटा गुंडाळायला सुरुवात केली.

शेवटी मी टी-शर्टाचं पुढचं टोक दोन्ही हातांनी पसरलं आणि छातीवरच्या नंबराच्या खाली ओटी घेतली. आता ओटी सांडायची नाही, म्हणजे हात सोडायचे नाहीत, म्हणजे पळायचं कसं? रज्जाकभाईंनी गळ्यातला नॅपकिन काढला, शिंप्याच्या सफाईनं सगळं त्यात बांधलं आणि गाठोडं माझ्या कमरेला कसलं. अकरा मिनिटं गेली होती.

"चहा तरी…" विहीणबाई म्हणत होत्या. मी पळत सुटले होते.

ते चार किलोमीटर मी कसे पळाले ते मला विचारू नका. दर पावलाला नारळ कमरेवर दणका देत होता. शेजारी रज्जाकभाईंचा फेटा सुटून मागं लोंबत होता. लोकांना वाटलं, वरात चुकून पुढं गेली! "ताई, तीन मिन्टं! ताई, दोन! ताई, सोडा ते नारळ!" "ओटीचा आहे हो भाई, कसा सोडू?" शेवटच्या रेषेपाशी निळे टी-शर्ट उभे होते, रोजच्यासारखेच टाळ्या वाजवत. मला समोरचं नीट दिसेना, कारण मी रडत होते. घड्याळात तीन तासांना वीस सेकंद कमी होते.

मेडल गळ्यात पडलं. मी ते ह्यांच्या नाकापुढं धरलं आणि त्यांच्या हातातलं केळं त्यांनाच खायला लावलं. खरं सांगते, लेकीच्या लग्नात मिरवले नसेन एवढी मी त्या मैदानात मिरवले.

थोड्या वेळानं विहीणबाईंचा फोन आला. "ईनबाई, कितवा नंबर आला?"

"शेवटून पाचवा!" मी अभिमानानं सांगितलं. मैदानातल्या पोरीला विचारून खात्री केली होती. माझ्याही मागं चार माणसं होती! त्रेपन्नाव्या वर्षी मी चौघांना मागं टाकलं होतं!

"असं व्हय," विहीणबाई म्हणाल्या. "मग त्या चौघांना आता सोडू का? निळा टी-शर्ट दिसला की तुमच्या मंडळाचे म्हणून धरून बसवलेत. दुसऱ्यांदा मुरमुऱ्यांचा सुशीला वाढून राहिले त्यांना."